केस कापले तो गुरुवार

नॉर्थ हॉलिवूड,
९ नोव्हेंबर १९९३

प्रिय लाइल,

तुझं पत्र परवा मिळालं. पाठ आता कशी आहे? टायरच्या दुकानात दिवसभर वाकून काम म्हणजे ती दुखणारच. मी बरा आहे. गालिच्यांच्या गोदामात लागलोय, धुळीने खोकला येतो. गायचं नसल्यामुळे त्याची काळजी नाही.

नोरीन गेल्याचं तुझ्या पत्रातूनच कळलं. पत्र हातात धरून जिन्यातच बसलो. तुझी आई, पण अर्धी आमचीही होती रे. दर गुरुवारी आपण दोन तास गाडी हाकत बेकर्सफील्डला तिच्या पार्लरमध्ये जायचो, ते आठवतं ना? शुक्रवारच्या कार्यक्रमासाठी चौघांचे केस पिवळे करायचे, फुलवायचे. शेजारी केस वाळवत बसलेल्या म्हाताऱ्या विचारायच्या, "नोरीन, यातली नवरी कोणती गं?" आणि ती आपल्या बँडमधल्या टकरकडे बोट दाखवून म्हणायची, "ही दाढीवाली. स्थळ बघा कोणी!" तिच्या त्या केसांवरच्या फवाऱ्याच्या वासाने मला अजून स्टेजवर जायच्या आधी लागायची तशी भूक लागते.

इथली खबर सांगतो. क्लबांच्या त्या सनसेट रस्त्यावर आता शुक्रवारी संध्याकाळी सरळ चालता येतं. आपण पत्रकं वाटायचो तेव्हा रस्ता कागदांनी झाकलेला असायचा, आपल्याच तोंडांवर पाय देत चालायचो. आता एकही कागद नाही. आपल्या ओळखीच्यांपैकी दोघे घरं रंगवतात, एक विमा विकतो. सगळ्यांच्या तोंडी एकच रडगाणं, सिअॅटलच्या पोरांनी आपल्याला बुडवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं ते उदास ग्रंज संगीत आलं आणि एका हिवाळ्यात आपण सगळे म्हातारे झालो. गोदामात रेडिओवर तीच गाणी लागतात. तुला राग येईल, पण खरं सांगतो, गाणी चांगली आहेत. आपण पार्टीची गाणी म्हणत होतो आणि ऐकणारी पोरं घरी जाऊन एकटी रडत होती. त्यांच्यासाठी कोणीतरी गायला हवंच होतं.

तू विचारलंयस, तुझ्यानंतर आपल्या बँडचं, आयर्न ऑर्किडचं काय झालं. ऐक. केस कापून, ग्रंजवाल्यांसारखे चौकडीचे शर्ट घालून आम्ही दौऱ्यावर निघालो. ओमाहात एका दुपारी सव्वीस माणसं आली होती. मी मोजली. नवी पोरं आली नाहीत, कारण नाव तेच जुनं. जुनी आली ती आमच्याकडे अनोळख्यासारखी बघत राहिली. पुढे एक जाडा गडी होता, पाठीवर आपल्या बँडचं चित्र शिवलेलं जाकीट. तो ओरडला, "लाइल कुठाय?" मी म्हणालो, "आता आम्ही वेगळं वाजवतो." तो म्हणाला, "ते दिसतंय. केस कापलेत ते ठीक रे बाबा, वाढतील. गिटारवाला कशाला कापलात?" लोक हसले. टकरही हसला. तेलही गेलं, तूपही गेलं. उन्हाळ्यात रेकॉर्ड कंपनीने एका ओळीच्या फॅक्सने करार संपवला.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य. 'आई शेवटपर्यंत म्हणायची, ग्रेडीवर राग धरू नकोस, त्याचे हात बांधलेले होते. तेव्हा जुनं सोडून देऊ. वीस तारखेला तिच्या स्मरणसभेला ये आणि तिचं आवडतं संथ गाणं म्हण.' हे मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर कागद फाटायला आलाय. दोन दिवस 'येतो' एवढंच लिहायला बसतोय आणि उठतोय.

तुला काढल्यानंतरच्या गुरुवारी मी एकटाच नोरीनकडे गेलो होतो, हे तुला माहीत आहे. बँडच्या नव्या फोटोसाठी केस कापायचे होते आणि दुसऱ्या कोणाच्या हाती डोकं द्यायची हिंमत नव्हती. बेशरमपणाच तो. तिने मला खुर्चीत बसवलं, फडका बांधला आणि हळूच विचारलं, "लाइलला काढायचं कंपनीनेच सांगितलं ना रे? तुझं काही चाललं नाही ना?"

मी म्हणालो, "नाही चाललं, नोरीन."

ती म्हणाली, "बरं. मान खाली घाल, मागचे कापायचेत."

मी आधीच घातली होती.

लाइल, कंपनीने तुला काढायला कधीच सांगितलं नव्हतं. कंपनीच्या वॉरेनने केस कापायला सांगितले, शर्ट बदलायला सांगितले. तू कापणार नाहीस म्हणालास, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग राहू दे त्याला तसाच. तुमच्यात ऐकण्यासारखा तोच तर आहे." हे ऐकून मी त्याच्या ऑफिसातून बाहेर आलो, आपल्या सरावाच्या खोलीचं कुलूप बदललं आणि तुला फोन करून सांगितलं की कंपनी ऐकत नाही.

दर कार्यक्रमात सात मिनिटं तू एकटा वाजवायचास. सगळं थिएटर तुझं नाव घेऊन ओरडायचं आणि मी कडेला उभा राहून पाणी प्यायचो. चार वर्षं तेच पाणी प्यालो. मग ग्रंज आलं, लांबलचक गिटारवादन सगळ्यांना नकोसं झालं आणि मला आयतं निमित्त सापडलं. बाकीच्यांना सिअॅटलने बुडवलं असेल. आपल्याला मी बुडवलं.

नोरीनला मी हे सांगणार होतो. पुढच्या गुरुवारी, पुढच्या गुरुवारी करत राहिलो. ती माझी बाजू घेत गेली आणि तिला कळलंही नाही की कोणाची घेतेय.

आता तिच्या शब्दावर मिळालेली माफी मी घेऊ शकत नाही. वीस तारखेला मी येत नाही. सगळं वाचूनही तू ये म्हणालास तर गोष्ट वेगळी, पण तसं म्हणावंस असं मी मागत नाही. ते गाणं तूच वाजव, नुसत्या गिटारवर. त्याला माझ्या आवाजाची गरज कधीच नव्हती. मला ते तेव्हाही माहीत होतं.

तुझ्या आईशी खोटं बोललेला,
ग्रेडी