तक्रारदार आढळून आले नाहीत

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! उचगावच्या पलीकडं नव्यानं झालेल्या नगरपरिषदेची मी पहिली लोकपाल. पाणी, गटारं, दिवाबत्ती, कचरा, जे काही लोकांना छळतंय त्याच्या तक्रारी घ्यायच्या, जागेवर जाऊन पाहणी करायची आणि खात्यांना कामाला लावायचं. जयसिंगपूरच्या कोर्टात दुसऱ्यांच्या फायली वाहून जीव विटला होता. इथं खोली माझी, टेबल माझं, आणि खुर्चीवर नवाकोरा टॉवेल अंथरलेला. बसताना मला हसूच फुटलं.

मुख्य लिपिक केरबा हे माझे एकुलते एक सहकारी. आवाज असा की शेजारच्या खात्यालाही सगळं कळावं, पण मनानं लोणी. चहा स्वतः घेऊन आले. हद्दीतच माईंच्या घरी वरची खोली मिळाली आहे. नवरा ऋतुराज आणि लेक मोना तिचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत जयसिंगपूरलाच राहतील. सहा वर्षांची पोर ती, फोनवर माझ्याकडून गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही. आज गोष्ट संपल्यावर लोकपाल म्हणजे काय, असं विचारत होती. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांचं ऐकणारी बाई, असं मी सांगितलं. बाईंचा तोरा बघा!

१० नोव्हेंबर, सोमवार

आज धोंडुबाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी खोचलेली, पायात पुरुषी चपला. नळाला गटाराच्या वासाचं पाणी येतंय म्हणाल्या. मी लेखी अर्ज मागितला, तर त्यांनी पिशवीतून बाटली काढली, माझ्याच पेल्यात पाणी ओतलं आणि घ्या म्हणाल्या. वासानं मला उमासा आला. त्या मात्र खूश! एवढ्या वर्षांत कुणी नाकाला तरी लावलं, म्हणाल्या. मला ही बाई फार आवडली. त्यांच्या गल्लीत जाऊन नळ पाहिला आणि पाणीपुरवठा खात्याला कडक पत्र धाडलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाणीपुरवठ्याचं उत्तर आलं: कार्यवाही सुरू आहे. दुसऱ्या पत्रालाही तेच, शब्दन् शब्द तेच. धोंडुबाई दर दोन दिवसांनी बाटली घेऊन हजर. आज मी त्यांना बघून फोनवर बोलत असल्याचं नाटक केलं. लाज वाटते, पण सांगायचं तरी काय त्यांना? मोनाला गोष्ट सांगता सांगता मीच पेंगले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या आढावा बैठक. एकही तक्रार शिल्लक दिसता कामा नये, असा मुख्याधिकाऱ्यांचा निरोप. माझ्याकडं धोंडुबाईंची धरून पाच अडकलेल्या. मी डोकं धरून बसले, तेव्हा केरबांनी वाट दाखवली. शेरा मारायचा: स्थळपाहणी केली असता तक्रारदार आढळून आले नाहीत, सबब तक्रार निकाली. आधीच्या ग्रामपंचायतीपासून हेच चालत आलंय म्हणे. जागेवर जायचंसुद्धा नाही.

धोंडुबाई या घडीला आपल्या उंबऱ्यात बसलेल्या असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी सही केली. पाचही ठिकाणी. नंतर जेवण गेलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आढाव्यात माझं कौतुक झालं. पण धोंडुबाई आल्या नाहीत. मनाला लागून राहिलं म्हणून दुपारी त्यांच्या गल्लीत गेले.

घर नाही. पाडलेलं नाही, कुलूप नाही, नाहीच. शेजारच्या चिमणाबाईंच्या भिंतीला पलीकडच्या घराची भिंत थेट चिकटलेली, मध्ये हातभरही जागा नाही. दोन्ही भिंतींचा रंग जुना, पोपडे आलेले. चिमणाबाईंना विचारलं, तर असली कोण बाई इथं कधी न्हवतीच म्हणाल्या. मी गल्ली चुकले म्हणावं, तर भिंतीतून तो नळ बाहेर आलेला. थेंब थेंब गळत होता. वास तोच.

३ डिसेंबर, बुधवार

उरलेल्या चारही पत्त्यांवर जाऊन आले. दिव्याची तक्रार करणारे मास्तर नाहीत. गटाराची तक्रार करणारं जोडपं नाही, त्यांच्या जागी बोळ आहे आणि बोळातलं गवत कमरेएवढं वाढलंय. शेजारच्यांना कुणाचंच नाव आठवत नाही. मी फक्त सही केली हो. फक्त सही.

केरबांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. मग एवढंच म्हणाले, "मॅडम, म्हणून तर आमी जागंवर जात न्हाय. गेलं की दिसतंय."

५ डिसेंबर, शुक्रवार

नियम पुन्हा पुन्हा वाचला. निकाली निघालेली तक्रार फक्त तक्रारदारालाच पुन्हा उघडता येते. मी शेरा खोडला, माझी चूक झाली असं लिहून दिलं, गल्लीत जाऊन बघितलं. भिंत तशीच.

एकच मार्ग सुचतो. त्याच नळाबद्दल मी स्वतः तक्रार करायची, माईंच्या घरच्या पत्त्यावर. तक्रार जिवंत झाली तर कदाचित त्याही— आपल्याच तक्रारीची चौकशी लोकपालाला करता येत नाही, म्हणून ती केरबांकडं सोपवली. शेरा मारायचा नाही, असं तीनतीनदा बजावलं. त्यांनी मान हलवली.

२९ डिसेंबर, सोमवार

काही हललं नाही. पाणीपुरवठा खातं म्हणतं, कार्यवाही सुरू आहे. उद्या वर्षअखेरचा आढावा. केरबा संध्याकाळी म्हणाले, काळजी करू नका, तुमच्या नावाला बट्टा लागू देणार नाही.

म्हणजे काय, ते विचारायचं राहूनच गेलं.

३० डिसेंबर, मंगळवार

सकाळी माईंना हाक मारली. त्या माझ्यातूनच बघितल्यासारखं जिन्याकडं बघत राहिल्या, मग खोली झाडायला घेतली. माझी पिशवी कुठंच दिसली नाही. मोबाइल लागत नाही. ही वही तेवढी हातात होती.

कार्यालयात आले. केरबांच्या टेबलावर माझी तक्रार, खाली त्यांचा शेरा. बिचाऱ्यांनी माझ्यासाठीच केलं. मी त्यांच्या तोंडासमोर ओरडले. ते चहा पीत होते.

कार्यालयातला फोन मात्र लागला. ऋतुराजनं उचलला. मी क्रांती बोलतेय, म्हटलं. कोण क्रांती, असं त्यानं शांतपणे विचारलं. मी रडायला लागले. मागून मोनाचा आवाज आला, "पप्पा, आई हाय ती."

त्यानं फोन ठेवला.

३१ डिसेंबर

कार्यालयाच्या बाहेरच्या व्हरांड्यात आम्ही सगळे आहोत. मास्तर, ते जोडपं, आणि मी कधीच न पाहिलेले कितीतरी. जिन्यापर्यंत. जिन्याच्या खालीही. धोंडुबाईंनी सरकून मला जागा दिली. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं त्यांनी.

दुपारी—

मोना आली आहे. ऋतुराजचा हात धरून. रात्रीपासून जेवली नाही, आईचा फोन इथूनच आला होता म्हणते, असं तो केरबांना ओशाळून सांगतोय. पोरीला आई नाहीच हो, म्हणतोय. मोना माझ्याकडं बघतेय का? इकडं, बाळा, इकडं—

नाही.

केरबांनी तिला मांडीवर घेतलं. रडू नको, आपण तक्रार करू, म्हणाले. कागद घेतला. तक्रारदाराचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. पूर्ण नाव. माझंही.

मी टेबलावर हात आपटतेय. नाव लिहू नका. तिचं नाव नको—

धोंडुबाईंनी माझा दंड धरला. "वरडू नगं, बाई. आमीबी लई वरडलोय."

दोघं बापलेक बाहेर पडले. गाडीत बसताहेत. मोना अजून खिडकीशी दिसतेय, फ्रॉक पिवळा—

केरबा डोळे पुसताहेत. मुख्याधिकाऱ्यांचा निरोप आलाय, आज वर्ष संपतंय, संध्याकाळपर्यंत शिल्लक शून्य पाहिजे. एकच तर तक्रार आहे, म्हणाले. पेन उघडलं.

केरबा, जागेवर जा. एकदा जाऊन बघा. ती आहे हो, ती तिथं

स्थळपाहणी केली असता तक्र