डासबाईंचा खरा आवाज

ता. ४ मार्च

चि. बटाट्यास,
अनेक आशीर्वाद.

माझी बालगोष्टींची रेकॉर्ड तुला जुन्या बाजारात सापडली, हे वाचून बरं वाटलं. पण फोन करत जाऊ नकोस, मी उचलणार नाही. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तोंड उघडलं की फरशीवरून पत्र्याचा डबा ओढल्यासारखा आवाज येतो. डॉक्टर म्हणतात, रोज बोला, नाहीतर आहे तोही जाईल. जाऊ दे. दूधवाल्याला चिठ्ठी देते, निभतं. तू लेकीला रेकॉर्ड ऐकव. तिला मी तशीच माहीत असले तर पुरे.

लोभ करावा, पण पत्रातून.
तुझी आत्या

ता. ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रेकॉर्ड मित्राच्या नव्या मशीनवर लावली आणि माझा चेहराच पडला. गेंड्याला इंजेक्शन देणारी तुझी डासबाई नर्स चक्क गोड, बारीक आवाजात बोलत होती. ही कोण बया, असं झालं मला.

मग ट्यूब पेटली. लहानपणी आमचं मशीन म्हातारं, हळू फिरायचं, त्यात आवाज जाड व्हायचा. तुला संकोच, तुझ्यासमोर तू ती कधी लावूच दिली नाहीस. आमची डासबाई घोगरी, खरखरीत, दमादमानं बोलणारी. त्या रेकॉर्डवर सिंह होता, कावळ्यांचं पोलीस ठाणं होतं, पण तिची सर कुणालाच नव्हती. ताप आला की मी आईला सोडून तिला मागायचो. तू सुट्टीत आलीस की दादाला आणि मला वाटायचं, आत्या पाहुणी म्हणून सभ्य बोलते, खरा आवाज घरी ठेवून येते.

तबकडी बोटानं अडवून, हळू फिरवत लेकीला ऐकवली. आता तिला तीच डासबाई हवी. सोमवारी, अठरा तारखेला लस टोचायची आहे आणि तिनं घर डोक्यावर घेतलंय. आत्या, तिच्याशी बोल ना गं. मलाही ऐकायचंय.

राग नसावा, असला तरी लोभ असावा.
तुझा बटाट्या

ता. १३ मार्च

चि. बटाट्यास,
अनेक आशीर्वाद.

मेल्या, तो बारीक आवाज काढायला मी महिनाभर गरम पाणी पीत होते, आणि तुम्ही कार्ट्यांनी त्याचं पार मातेरं केलंत. आधी संताप आला, मग हसू फुटलं, मोठ्यानं. घरात कोण आलंय म्हणून शेजारीण धावत आली. मीच आहे, म्हटलं. ऑपरेशननंतर कुणाशी बोललेले हे पहिले शब्द.

सोमवारी फोन पोरीच्या कानाशी धर. तू मध्ये लुडबुडू नकोस.

तुझी आत्या

ता. १९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल सुई टोचून झाली तरी लेक खुर्चीवरून उठेना. डासबाई अजून बोलतायत, थांबा, असं तिनं नर्सलाच बजावलं. दवाखाना हसत होता.

नंतर फोन मी घेतला आणि तू दोनदा हॅलो म्हणालीस. मी गप्प राहिलो म्हणून तू चिडून ठेवलास. आत्या, लाइन ठीक होती. तुझा आवाज ऐकला आणि मला रडू आवरेना.

असाच लोभ रोज फोनवरून असावा.
तुझा बटाट्या