मोतीबाईंचे गळणे

नंदुरबार,
दि. ९ जानेवारी २०२६

चि. प्रियल हिस,
छोट्या दादाजींचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

प्रथम वस्तुस्थिती क्रमाने मांडतो, म्हणजे पुढे गैरसमजास जागा उरणार नाही. तुझ्या कादंबरीचे हस्तलिखित मला नाताळच्या सुमारास मिळाले. ते मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा हाती लाल पेन घेऊन. कादंबरीची नायिका तुझी पणजी, म्हणजे माझी आई मोतीबाई आहे. पुण्याच्या तुझ्या प्रकाशकांची अट अशी, की तिचा मुलगा आणि प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक या दुहेरी नात्याने मी प्रस्तावना लिहावी व पुस्तकातील विज्ञान बिनचूक असल्याची ग्वाही द्यावी. एरवी ते पुस्तक छापणार नाहीत. ही ग्वाही आज मला देता येत नाही.

कारण अकरावे प्रकरण. काळ १९५८चा, स्थळ खापरची आपली पायऱ्यांची विहीर. एक सरकारी डॉक्टर सूक्ष्मदर्शक घेऊन येतो, आईला विहिरीच्या पाण्याचा थेंब दाखवतो, आणि ती मंद हसून म्हणते की आमच्या मुनींना हे केव्हाच ठाऊक होते, म्हणून तर आम्ही पाणी गाळतो. टाळ्या पडाव्यात म्हणूनच हे वाक्य लिहिले आहेस. पडतीलही.

सत्य असे. नारू हा हात-दोन हात लांब, दोऱ्यासारखा कृमी. तो माणसाच्या पायातून बाहेर पडू लागला की आग होते, म्हणून माणूस पाय विहिरीत बुडवतो. कृमीची पिल्ले पाण्यात सुटतात आणि सायक्लॉप्स नावाचा, ठिपक्याएवढा जलजीव ती गिळतो. तो जीव पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात गेला की सुमारे वर्षाने त्याच्या पायातून नारू निघतो. दुहेरी फडक्यात सायक्लॉप्स अडकतो. म्हणून आपल्या घरात कोणाला नारू झाला नाही. इतके तू बरोबर लिहिलेस.

पण आईने पाणी गाळले ते स्वतःला वाचवण्यासाठी नव्हे. पाण्यातले जीव आपल्या तोंडून मरू नयेत म्हणून. म्हणूनच गाळून झाल्यावर ती गळणे, म्हणजे गाळायचे फडके, उलटे करून, गाळलेल्याच पाण्याने हलकेच धुऊन त्यात अडकलेल्या जीवांचे पाणी, म्हणजे जीवाणी, पुन्हा त्याच विहिरीत सोडत असे. रोगाची जाण असलेला कोणता मनुष्य रोगाचे वाहक जपून परत विहिरीत नेऊन सोडील? तिची करुणा विज्ञानाहून निराळी होती. तिला विज्ञानाचा झगा चढवून तू ती लहान केलीस.

जाता जाता: पान चौऱ्याऐंशीवर तू खापरच्या बाजारात आश्विनात ओली मोहफुले विकली आहेस. मोह फाल्गुन-चैत्रात गळतो. बाजारपेठेत जन्मलेल्या मुलीने असे लिहावे, याचा थकवा येतो.

अशी वाक्ये खोडण्यात माझी चाळीस वर्षे गेली. आता पेन जड लागते. तुझ्या दादीस, म्हणजे माझ्या भाभींस, नमस्कार सांग. लोभ आहेच, चुकांना मात्र तो लागू नाही.

तुझा,
चांदमल


खापर,
दि. १८ जानेवारी २०२६

ती. छोट्या दादाजींच्या चरणी,
प्रियलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. मोहफुले चैत्रात हलवली आहेत. लाज वाटली, हे कबूल करते. तुमचे पत्र दादीला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की चांदमल बोलाले लागना म्हंजे आख्खं गाव त्याना वर्गमा बसेल ऱ्हास. आपल्या घरात मारवाडी चालत असली, तरी टोमणा मारायचा असला की दादीला दुकानाच्या ओट्यावरची अहिराणीच लागते.

आता माझी बाजू. मी शोधनिबंध लिहिलेला नाही, कादंबरी लिहिली आहे. चार वर्षे दुपारी गिऱ्हाईक नसताना कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून लिहिली. मयंकदादाने कुरकुर केली, पण काउंटर सांभाळला. पुस्तक आता निघाले नाही तर मी पुन्हा लिहीन असे मला वाटत नाही. प्रकाशकांना मलपृष्ठावर 'आपल्या पूर्वजांना ठाऊक होते' ही ओळ हवी आहे. ती मलाही फारशी आवडत नाही. पण पणजीआजीला कोणी अडाणी म्हणू नये, एवढीच माझी इच्छा होती. तिने ज्या फडक्यातून पाणी गाळले त्यानेच नारू अडतो, हे तुम्हीही मानता. मग ते तिला ठाऊक होते, असे एका वाक्यात म्हटल्याने कोणाचे काय बिघडते?

तुम्ही आयुष्यभर घरातल्या प्रत्येक व्रताची चिरफाड केलीत. आज तुम्हीच तिच्या करुणेची बाजू मांडता, याचे मला नवल वाटते, आणि खरे सांगायचे तर थोडा आनंदही.

दादीचे गुडघे थंडीने धरले आहेत. तुम्ही मोतीबिंदूचे ऑपरेशन केव्हा करणार, असे ती विचारते. आपली कृपा असू द्यावी. रागावलेली असली तरी चालेल.

आपली,
प्रियल


नंदुरबार,
दि. २५ जानेवारी २०२६

चि. प्रियल हिस,
अनेक आशीर्वाद.

कोणाचे काय बिघडते, असे तू विचारतेस. तुझ्या पणजीचे बिघडते. शांतपणे वाच.

उन्हाळ्यात आपल्या गोदामावर डोंगरातून हमाल येत. गोदामामागच्या चिंचेखाली बायकामुलांसह राहत, आणि त्याच विहिरीत उतरून, न गाळता पाणी पीत. आपल्या माठाचे पाणी त्यांना मिळत नसे. त्या काळी ते देण्याची कल्पनाही कोणाच्या मनात आली नसती. त्यांच्यापैकी दरवर्षी कोणी ना कोणी पायातून निघणारा नारू तुटू नये म्हणून रोज थोडाथोडा काडीला गुंडाळत चिंचेखाली पडलेला असे, हे मी सुट्टीत धुळ्याच्या वसतिगृहातून घरी आलो की पाहत असे.

आता तुझे वाक्य या चित्रात ठेव. आईला ठाऊक होते, असे तू म्हणतेस. ठाऊक असूनही तिने घरच्यांपुरते पाणी गाळले आणि चिंचेखालच्यांना तसेच पिऊ दिले, असा त्याचा अर्थ होतो. तू तिला ज्ञानी केलेस, म्हणजे तू तिला गुन्हेगार केलेस. अज्ञान हेच तिचे निर्दोषत्व आहे. ते हिरावून घेण्याचा अधिकार तुला कोणी दिला? प्रकाशकाने?

पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे सांगत फिरणाऱ्या मंडळींना हा प्रश्न कधीच सुचत नाही. ठाऊक होते तर त्यांनी सांगितले का नाही? या मंडळींशी वाद घालून मी दमलो आहे. त्यात घरातल्या एकीची भर नको.

अकरावे प्रकरण काढ, प्रस्तावना देतो. भाभींना सांग, डोळ्याचे होळीनंतर पाहू. आशीर्वाद आहेतच, त्यांना अट नाही.

तुझा,
चांदमल


खापर,
दि. ४ फेब्रुवारी २०२६

ती. छोट्या दादाजींच्या चरणी,
प्रियलचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडले. तुमचे पत्रही मी दादीला मोठ्याने वाचून दाखवले होते. चिंचेखालच्या हमालांपर्यंत आले तशी ती उठून बसली, आणि सायक्लॉप्सचा मागच्या पत्रातला भाग पुन्हा वाच म्हणाली. मी वाचला. मग तिने जे सांगितले ते तसेच लिहिते.

दादी लग्न होऊन आली त्याच्या पुढचा उन्हाळा, म्हणजे १९५९चा वैशाख. तुम्ही तेव्हा बारा वर्षांचे, अजून धुळ्यालाच होता. मोलगीकडच्या पाड्यावरचा वाहरू गोदामावर हमाल होता. त्याच्या घोट्यातून नारू निघत होता. त्याची बायको भुरीबाई मागच्या दाराशी आली. पणजीआजी पाणी गाळत होती, दादी घुंघट ओढून दाराआड उभी होती. भुरीबाईने गळणे मागितले. शेठच्या घरातल्या एकाही पायाला कधी चिंधी बांधलेली दिसत नाही, तेव्हा तुमच्या देवाचा वास या फडक्यात आहे, मला दे, मी माझ्या घड्याच्या तोंडाला बांधीन, वर्षभर सोडणार नाही, असे तिचे म्हणणे.

पणजीआजीने नाही म्हटले. चिडून नाही, हात जोडून. ती म्हणाली की बाई, जुने लुगडे घेऊन जा, दाणे ने, पण हे नको. तू जीवाणी विहिरीत परत सोडणार नाहीस, फडके उन्हात झटकशील, आणि त्यात तडफडून मेलेल्या जीवांचे पाप माझ्या माथी येईल. भुरीबाईने लुगडेही घेतले नाही. देव लुगड्यात नाही, फडक्यात आहे, असे म्हणून ती गेली.

वाहरूचा तो नारू निघाला. पुढच्या वैशाखात तो पुन्हा गोदामावर आला आणि दुसऱ्या पायात नारू निघाला. या वेळी तो अर्ध्यात तुटला, पाय सुजला आणि धनुर्वाताने वाहरू चिंचेखालीच गेला. भुरीबाई त्यानंतर खापरच्या बाजारात दिसली नाही.

दादीने हे सहासष्ट-सदुसष्ट वर्षे कोणाला का सांगितले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, कोन्ही ईचारंच नही. तिच्या लेखी या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या: एक फडक्याची, एक वाहरूची. तुमच्या पत्राने त्या जोडल्या. आता तिला एकच हवे आहे. तिने मला शब्दन् शब्द लिहून घ्यायला लावले: ते फडकं दिधं व्हतं तर वाहरू वाचता का? चांदमलले ईचार, आनि खरं लिख म्हना, मन्ही कीव करू नको म्हना.

दादाजी, ती धड जेवत नाही. काल मला म्हणाली, बेटा, पुस्तकमा तरी दी टाक. तेच मी करायचे ठरवले आहे. अकरावे प्रकरण काढते. त्याऐवजी पणजीआजी भुरीबाईला गळणे देते, असा प्रसंग लिहिते. डॉक्टर नाही, सूक्ष्मदर्शक नाही, ठाऊक असण्याचे ढोंग नाही. फक्त एक बाई दुसरीला फडके देते. प्रकाशकांनाही तो फार आवडला. एवढे मान्य करा आणि प्रस्तावना द्या.

आपल्या शब्दाची वाट पाहते. दादीही पाहते.

आपली,
प्रियल


नंदुरबार,
दि. १२ फेब्रुवारी २०२६

चि. प्रियल हिस,
अनेक आशीर्वाद, आणि थोरल्या भाभी सोहनबाई यांस साष्टांग नमस्कार.

भाभींच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम, कारण त्या वडील आहेत. हा भाग त्यांना सावकाश वाचून दाखव. नारू पोटात गेल्यापासून पायातून निघेपर्यंत सुमारे वर्ष लागते. वाहरूच्या दुसऱ्या पायात निघालेला कृमी भुरीबाईने फडके मागितले त्याच उन्हाळ्यात त्याच्या पोटात गेला होता. घड्याच्या तोंडाला फडके असते तर घड्यातल्या पाण्यातून तो गेला नसता. पण हमाल विहिरीत उतरला की ओंजळीनेही पितो. म्हणून उत्तर असे: वाहरू वाचला असता, कदाचित. हा 'कदाचित' मी भाभींना बरे वाटावे म्हणून घातलेला नाही. तो तिथे आहेच. तो वगळणे खोटे, आणि त्याच्याआड लपणेही खोटे.

या हिशेबात चूक सापडावी म्हणून मी बरेच प्रयत्न केले. जुनी टिपणे काढली, वर्ष पुढेमागे करून पाहिले. इतरांच्या लिखाणात चूक सापडली नाही असे माझ्या बाबतीत क्वचितच घडले आहे. या वेळी ती मला हवी होती, आणि मिळाली नाही.

अज्ञान हेच तिचे निर्दोषत्व, असे मी तुला लिहिले होते. ते वाक्य मागे घेतो. आईला कृमी ठाऊक नव्हता, पण दारात उभी असलेली बाई ठाऊक होती. भुरीबाईने चुकीच्या समजुतीने नेमकी हवी ती वस्तू मागितली, आणि आईने जीवदयेपोटी ती नाकारली. या दोघींपैकी एकीलाही हसणे मला जमत नाही, आणि विज्ञान कोणाच्या बाजूला होते असे कोणी विचारले, तर ते त्या दिवशी खापरला आलेच नव्हते.

आता तुझा नवा प्रसंग. तो मला मोहात पाडतो, हे लपवत नाही. आईच्या हातून ते फडके पुढे झालेले वाचायला मलाही आवडेल. म्हणूनच मी त्याला विरोध करतो. तू कागदावर दिलेले फडके भुरीबाईच्या घड्यापर्यंत पोचत नाही. ते आपल्याच घराच्या अंगावर पांघरले जाते. पहिल्या खर्ड्यात तू आईला सर्वज्ञ केले होतेस, दुसऱ्यात दानशूर केलेस; दोन्ही वेळा वाहरू चिंचेखाली मेला, आणि दोन्ही वेळा पुस्तकात त्याला जागा मिळाली नाही.

ऐतिहासिक कादंबरीकाराला स्वातंत्र्य आहे. आईने हात जोडले तेव्हा तिच्या मनात काय होते, हे कोणालाही ठाऊक नाही. ते तू लिही. तिथे तुझी सत्ता आहे. तिची भीती खरी वाटली पाहिजे, इतकी खरी की वाचणाऱ्यालाही क्षणभर ते फडके देववू नये. भुरीबाई लुगडे नाकारते ते गाळू नकोस. आणि पुढचा वैशाख लिही, वाहरूच्या नावासकट.

हे लिहिलेस तर मी प्रस्तावना देईन, आणि ही स्त्री माझी आई होती, हे तिच्या पहिल्या ओळीत लिहीन. प्रकाशक नको म्हणतील; असा नकार कोणाला मलपृष्ठावर छापवत नाही. मग पुस्तक कदाचित निघणार नाही. चार वर्षांचे काम आहे, त्याची किंमत मला कळते, म्हणून हा निर्णय मी तुझ्यावर लादत नाही. फडके देणारी मोतीबाई छापायची तर खुशाल छाप. फक्त माझ्या नावाशिवाय.

भाभींना सांग, दोन घास खाऊन घ्या. त्या तेव्हा सासूसमोर डोळे वर न करणारी नवी नवरी होत्या. हे मी कीव म्हणून लिहीत नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहितो.

मायेत तुमच्या दोघींच्या खाती कधी खोट आली नाही, येणारही नाही. परंतु या एका मुद्द्यावर मला फोन नको, मयंकच्या हाती निरोप नको, आणि "तुम्ही म्हणाल तसे" हे तर मुळीच नको. पुस्तकात मोतीबाई गळणे देते की नाकारते, ते भाभींशी बोलून ठरव, आणि एका वाक्यात, दोघींच्या सह्यांनिशी मला लेखी कळव.

तुझा,
चांदमल