पैसा आल्यापासूनची भीती

आई, गेल्या आठवड्यात तुझी नात संध्याकाळी क्लासवरून परत आलीच नाही. मोबाईल बंद. यांची हायवेलगतची जमीन विकून पैसा आल्यापासून यांना एकच धास्ती, पोरीला कुणीतरी उचलून नेईल. म्हणून नगरच्या या बंगल्याला कॅमेरे बसवलेत, उंच भिंत घातलीय, आणि बेल वाजली की आता मीही दचकते. आम्ही दोघं गाडी काढून शोधत सुटलो. शेवटी ती सापडली आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीशेजारी. लहानपणी तिला ज्यांनी सांभाळलं त्या मावशींच्या ओट्यावर बसून ती बाजरीची भाकरी खात होती, खळखळून हसत होती. मोबाईलची बॅटरी संपली होती, एवढंच. यांनी मात्र मावशींनाच विचारलं, "किती पाहिजेत तुम्हाला?"

"काय किती?" मावशी म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. त्या उठून आत गेल्या. गाडीत पोरगी रडत म्हणाली, "मला तिथं बरं वाटतं."

तेव्हापासून श्रीगोंद्याकडची आपली कोपी डोळ्यांपुढून हलत नाही. ऊसतोडीला गेलो की पाचटाची ती झोपडी हेच आपलं घर, आणि दाराच्या जागी पोत्याचा पडदा. तिन्हीसांजेला उसाच्या फडात बिबट्या गुरगुरतो. तू परात बडवतेस, सगळ्या बाया ओरडतात, आणि तो निघून गेल्यावर तू पोट धरून हसतेस. "लई भ्याली व्हय गं? आगं, त्योच भ्याला आपल्याला!" तुझ्या कुशीत शिरलं की माझी भीती पळायची. आताची कुठं जातच नाही. कुणाला भ्यायचं तेच कळत नाही. ओळखीचं माणूस दारात आलं तरी हे कशाला आलं असेल, असं मनात येतं.

मग तेव्हा आपण सुखी होतो, असं म्हणू का? पुढच्याच हंगामात त्याच कोपीत तू तापानं फणफणत होतीस. मोठ्या दवाखान्यात न्यायला पैसे नव्हते. "उद्याच्याला उतरंल," म्हणालीस. उतरला नाही. ते आठवलं की पैसा असल्याच्या भीतीपेक्षा नसल्याची भीती मोठी वाटायला लागते.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून लिहिते. पोरगी तिच्या खोलीत आतून कडी लावून बसलीय. उद्या हे भिंतीवर काटेरी तार ओढून घेणार आहेत. मी नको म्हणावं, असं तिला वाटतंय. पण आई, ती तार मलाही हवीय.