एकाच गंजातलं सूप

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून संध्याकाळचा स्वयंपाक मी करणार. बोलून बसलो! माझं तोंड—

झालं असं की सात वाजता आई गॅससमोरच भडकली. "याले भाकर नाही, तिले पोळी नाही, त्याले भात नाही! खानावळ काढली का म्या?" तिचंही खरं आहे. बाबांची शुगर दोनशे ऐंशी निघाली. डॉक्टर म्हणाले, रात्री भाकर-भात जवळजवळ बंद करा. वहिनींना गहू बंद. कमी नाही, बंदच! कणभर पोटात गेला तरी आतडं खराब होतं म्हणे. दिवाळीआधी अकोल्याला तपासणीत कळलं. सतीशदादा वायरमन, दिवसभर खांबावर चढून येतो, त्याला काहीही चालतं, फक्त पोटभर पाहिजे. आई दिवसभर अंगणवाडीत, आणि संध्याकाळी तीच अंगणवाडी मोबाइलमध्ये भरत बसते. वहिनी मंगरूळपीरला तहसीलमध्ये कॉम्प्युटरवर, इथं शेलूबाजारला परत यायला सव्वासात.

आणि मी? मी घरीच.

म्हटलं, "सगळ्यांसाठी एकच काहीतरी करा ना! सूप करा!"

"तूच कर. तसाही कॉलेजले जाऊन नाही राह्यला."

बाबा पेपरमागून हसले. झालं! "करतोच!" म्हणालो.

४ नोव्हेंबर

लवकी (दुधी) एक, टमाटर दोन, अर्धी जुडी पालक, आलं, लसूण. कुकरला दोन शिट्ट्या. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ओतून रवीनं घोटायचं. तीन अंडी फेटून बारीक धारेनं सोडायची आणि चमचा फिरवत राहायचा, नाहीतर गोळे होतात. (झाले.) मिरे कुटून, वरून चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. बावीस मिनिटं लागली.

दादा म्हणाला, "हे जेवण आहे का जेवणाच्या आधीचं?" त्याला सोबत ज्वारीची भाकर दिली. बाबांनी दोन वाट्या घेतल्या. वहिनींनी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाल्या, "भाऊजी, आज पहिल्यांदा सगळ्यांचं अन् माझं एकाच गंजातलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का? का मिरे जास्त झाले?

६ नोव्हेंबर, गुरुवार

वहिनींचे वडील जगदेवमामा यांचा जऊळक्याहून फोन. स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं. "पोरगी दिली तवा शेहेचाळीस किलोची होती. आता एकोणचाळीस! तेवीस तारखेले येतो. वजन वाढलं नसन तं घेऊन जाईन. मंग पाहू."

मंग पाहू म्हणजे काय? आई मोबाइलकडे बघत बसली. दादा बाहेर निघून गेला. तो असाच.

मला सगळ्यात आधी कशाची भीती वाटली? लिहितो, इथं कोण वाचणार! वहिनी गेल्या तर सपनाही गेली.

सपना वहिनींची लहान बहीण. वाशिमला डी.फार्म करते, जऊळक्याहून रोज गाडीनं. लग्नात तिनं दादाचे बूट लपवायचे होते, लपवले माझे. मी अनवाणीच सगळ्यांचे फोटो काढले. तेव्हापासून दीड वर्ष मी असाच आहे. तिला काही सांगितलेलं नाही. तिला माहीत आहे की नाही, तेही माहीत नाही. "ताई कशी आहे?" असा मेसेज येतो. मी "बरी आहे" लिहितो. निळ्या खुणा. संपलं!

७ नोव्हेंबर

सपनाचा मेसेज!! स्वतःहून!!!

"ताई म्हणते पोट फुगून राह्यलं. सुपात हिंग टाकत जा. कंजूषी नको करू."

बारा शब्द. मोजले.

धावतच मित्राच्या, फुरकानच्या किराणा दुकानात जाऊन हिंगाची डबी आणली. चिमूटभर नाही, चमचाभर टाकला! घरभर वास सुटला. आई म्हणाली, "आता कुठं सुपाले सुपाचा वास आला."

तिला लिहिलं, "टाकला." तिनं अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा?

९ नोव्हेंबर, रविवार

अंगणवाडीत गरोदर बायांना तोलायचा काटा आहे. आईनं कुलूप उघडलं, वहिनींना उभं केलं. एकोणचाळीस तीनशे. तीनशे ग्रॅम वाढ! हिंगाचा गुण!

१२ नोव्हेंबर

वहिनी दुपारीच परत आल्या. पोटात कळा, तीनदा संडास. काही समजत नाही. पोळीचा तुकडा नाही, बिस्कीट नाही. मी तर सूप गाळूनसुद्धा दिलं. हिंग वाढवला. आता सकाळच्या वरणातही टाकतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पोळपाट अंगणात फेकला.

दादाचा डबा पोळ्यांचा असतो, आई सकाळी त्याच पोळपाटावर लाटते, आणि ओट्यावर पिठाचा पांढरा थर दिसला. माझं डोकं फिरलं. "तूच तिले आजारी पाडून राह्यली!" असं म्हणालो. आईला!

तिनं पोळपाट उचलून आणला. घासला. उन्हात ठेवला.  शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिनं दादाला सांगितलं की उद्यापासून डब्यात भाकरच. घरात गव्हाचं पीठच नको.

१६ नोव्हेंबर, रविवार

अडतीस नऊशे.

गहू घरातून गेला तरी वजन खाली! म्हणजे मग बाहेरच. वहिनींना विचारलं, "ऑफिसात समोसा-कचोरी चालते का?" विचारलं कसलं, ओरडलोच.

"भाऊजी, मी उपाशी राहीन पण चोरून नाही खानार."

दादानं माझी कॉलर धरली. दादानं! आयुष्यात पहिल्यांदा. "बायको आहे ते माही. आरोपी नाही." मग सोडून दिली आणि स्वतःच कावराबावरा झाला.

बाबा नंतर ओसरीत म्हणाले, "कॉलेजातही तू असंच केलं. आधी हात उचलला, मंग विचारलं."

तेही खरं. प्रॅक्टिकलची वही फाडलेली दिसली आणि मी समोरच्याला हाणला. वही त्यानं फाडलीच नव्हती. माफी लिहून दे म्हणाले. मी घरी आलो. सेकंड इयर तिथंच राहिलं.

पण मग कोण? गहू येतो कुठून?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हे लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

हिंग संपला म्हणून फुरकानकडे गेलो. तो गल्ल्यावर होता, त्याचे वडील रहीमचाचा आत पोती लावत होते. फुरकान हसायला लागला, "काय बे, पितं का काय हिंग? पहली डबी दस-बारा दिन में उडा दी!"

"वहिनीच्या पोटासाठी आहे."

"मग ताजी तारीख पाहून देतो तुले," म्हणून त्यानं डबी उलटी केली आणि टाइमपास म्हणून मोठ्यानं वाचायला लागला. "खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग—"

"काय?"

"गव्हाचं पीठ. का रे?"

मी डबी हिसकावली. बारीक अक्षरात तेच. दुसऱ्या कंपनीची काढायला लावली. तीत मैदा. आतून रहीमचाचा म्हणाले, "बेटा, असली हिंग कोन खाते? जीभ जळन. पीठ मिलाकरच बनते. सगळ्यांना मालूम आहे."

सगळ्यांना! आम्हाला नाही. आम्ही अकरा दिवस पोट दुखलं की हिंग, जास्त दुखलं की जास्त हिंग. मी माझ्या हातानं. चमचा भरून.

१९ नोव्हेंबर

सपनाला सांगू? न सांगू? तीन वेळा टाइप केलं, तीन वेळा पुसलं. ती औषधांचं शिकते, लेबलं वाचायचंच शिकते. तिला कळलं तर ती स्वतःला काय म्हणेल? आणि मला काय म्हणेल? आणि आता पहिल्यांदा तिनं मला काही सांगितलं होतं ते हे!

वहिनींना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. थांबल्या. "हिंग टाकायचं कोनं सांगतलं तुमाले?"

"यूट्यूबवर पाहिलं."

माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पुन्हा निवडायला लागल्या. रागावल्या का? ते तरी सांगायचं!

२१ नोव्हेंबर

बिनहिंगाचं सूप. कोबी, शेवग्याच्या शेंगांचा गर, आलं दुप्पट. चौदा मिनिटं. वहिनी ऑफिसला पूर्ण दिवस गेल्या. पण तेवीसला दोनच दिवस. एवढ्यात वजन कसलं वाढतं!

२३ नोव्हेंबर, रविवार

आले. जगदेवमामा आणि सोबत सपना. निळा ड्रेस. मी पाणी द्यायला गेलो तर अर्धा पेला तिच्या ओढणीवर सांडला.

मामांनी चहाही घेतला नाही. "काटा कुठं आहे?" सगळी वरात अंगणवाडीत. अडतीस पाचशे.

मामा आईकडे वळले. "भागिरथाबाई, दुसऱ्याईच्या लेकरांचं वजन लिहून ठेवता तुमी. घरची सून दिसली नाही? अर्धा किलो कमी! काय खाऊ घालता तिले, हवा?"

आई भिंतीला टेकून उभी. मागं लेकरांच्या वजनाचा तक्ता, त्यावर लाल-हिरवे रंग. ती पोळपाटाच्या दिवसासारखीच गप्प. दादा कुलपाशी चाळा करत होता.

मी पुढं झालो. सगळ्यांना वाटलं आता हा भांडणार. मलाही तेच वाटलं होतं! पण तोंडातून निघालं, "मामा, आईचं काही नाही. चूक माही आहे. सूप मी करतो. हिंग मी टाकला, अन् हिंगात गहू असते. डबी वाचली नाही म्या."

"हिंगात गहू? येडा समजतं का मले?"

डबी खिशातच होती. दाखवली. मामांनी चश्मा काढला, पुसला, वाचलं. मग विचारलं, "हे अक्कल तुले कोनं देल्ली?"

सपना तिथंच होती, दाराशी. फरशीकडे बघत.

"कोनी नाही. माहीच."



मामा म्हणाले, "बॅग भर, दीपा." वहिनी काट्यावरून उतरल्या, चपला घातल्या. "बाबा, मी नाही येत. दोन हप्ते द्या. गहू कुठून येत होता ते आता कळलं. तिकडं आली तं माय पुन्हा नव्यानं सगळं शोधन."

मामांनी काट्यावर पाय ठेवून तो बरोबर आहे का ते पाहिलं. शेवटी सात डिसेंबर ठरली. जाताना सूप घेतलं, दोन वाट्या. "मीठ कमी आहे," म्हणाले.

मी आईची माफी मागितली. ओट्यापाशी, हळूच. "जा, गॅस पूस," एवढंच म्हणाली.

२४ नोव्हेंबर

सपना गप्प का राहिली? मी तिला वाचवलं की तिनं मला सोडलं? रागानं तिचा नंबर डिलीट केला. मग आठवलं, तो पाठ आहे.

३० नोव्हेंबर

एकोणचाळीस चारशे.

३ डिसेंबर, बुधवार

दादा-वहिनी अकोल्याला जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, हिंगाचं असं बऱ्याच घरांत होतं. आणि हेही म्हणाले की हा आजार रक्ताच्या नात्यात असतो, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं. वहिनींनी घरी फोन करून सांगितलं.

बाबांची शुगर एकशे साठ. सुपाला कोणी श्रेय देत नाही!

७ डिसेंबर, रविवार

चाळीस दोनशे! मामांना फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं, "ठीक." त्यांच्याकडून हे म्हणजे ढोलताशेच.

संध्याकाळी मी फोडणीत लसूण परतत होतो. वहिनी जवळ येऊन उभ्या राहिल्या. "तुमचं यूट्यूब म्हणजे सपनीच ना? मले पहिल्याच दिवशी माहीत होतं. मीच तिले पोट फुगल्याचं सांगतलं होतं."

मी कलथा खाली ठेवला.

"तिनं त्या दिवशी परतीच्या गाडीत बाबाले सगळं सांगून टाकलं. रडली म्हणे जऊळका येईपर्यंत. तुमाले नाही सांगतलं?"

नाही. मला नाही सांगितलं. सगळ्यांना सांगितलं, मलाच नाही! का? लाजली? का मी तेवढाही कोणी नाही? लसूण करपला. पुन्हा पहिल्यापासून फोडणी.

१० डिसेंबर, बुधवार

दुपारी सपनाचा फोन. मेसेज नाही, फोन. वाशिम स्टेशनवरून.

तिचा रिपोर्ट आला. तिलाही तेच.

"घरी अजून कोनाले नाही सांगतलं. पहिले तुलेच," म्हणाली, आणि मग नुसती रडायला लागली. तिनं मला पहिला फोन केला याचा आनंद झाला आणि कशासाठी केला हे आठवून स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच. दीड वर्ष काय काय बोलायचं जमवून ठेवलं होतं. त्यातलं एकही आठवेना.

मी विचारलं, "तू संध्याकाळी किती वाजता जेवतं?"