प्रेसचं अभ्यंगस्नान

बोदवड, ३ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतिका हिस लीलाधरनानाचे आशीर्वाद.

तू न काढलेला फोटो मला असा पडला: हिरव्या ऑइलपेंटचे दोन डबे, लोटन रंगारी दोन दिवस, अर्धा डबा सरकीचं तेल आणि तुझ्या काकूचा अबोला. अबोला सगळ्यांत महाग. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

अगं, तूच कळवलंस की दसऱ्याला येते, आपल्या कापसाच्या जिनातल्या बंद प्रेसचा फोटो काढते. रुईच्या गाठी बांधणारं ते धूड वीस वर्षं गंजत पडलेलं. फोटो काढायचा म्हटल्यावर आपल्यात कुणी पारोसं उभं राहतं का? त्यात खंडेनवमी. मी स्वतः त्याला तेलाचं अभ्यंग घातलं, मग रंग, मग झेंडूची माळ. लोटन म्हणे, नाना, मशीन नवरदेव दिखस. आणि तू कॅमेरा बाहेर न काढता परत! दारातच तू हळूच ‘वाट लावली’ म्हणालीस ते मी ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. फोटो काळा-पांढराच काढणार होतीस, मग हिरव्याशी भांडण कसलं?

काम मात्र पक्कं. हमालीपासून चाळीस वर्षं यंत्रांत काढलीत. हा रंग दहा वर्षं हलायचा नाही.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.

तुझा नाना

धुळे, ६ ऑक्टोबर २०२५

ती. नानांस सा. न. वि. वि.

पुढच्या सोमवारी जे यंत्र भंगारात जाणार, त्याचा रंग दहा वर्षं टिकून करणार काय?

वीस तारखेला माझं पहिलं प्रदर्शन आहे. मधली भिंत त्या प्रेससाठी मोकळी ठेवलीय, आणि ती आता मोकळीच राहणार. नाना, काळ्या-पांढऱ्यात गंजच तर दिसतो: खपल्या, ओघळ, सावल्या. तुमचा हिरवा त्यात सपाट राखाडी, नव्या फ्रिजसारखा. आई म्हणते, पारोळ्याचा किल्ला हाती दिला असता तर तुम्ही त्यालाही डिस्टेंपर मारला असता.

काकूंना सांगा, अबोला चालू ठेवा.

लोभ असू द्या, पण रंग न देता.

ऋतिका

बोदवड, ९ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतिका हिस आशीर्वाद.

काल दुपारी ओट्यावर बसलो होतो, तर जिनातून काहीतरी चरचरल्यासारखं वाटलं. काकूला काही ऐकू आलं नाही. मी जाऊन पाहतो तर प्रेसवरचा हिरवा रंग केळीच्या सोपटासारखा सुटून खाली लोंबतोय! आत तुझा गंज जसाच्या तसा, उलट तेल पिऊन काळाभोर झालेला. उरलेले पापुद्रे हलक्या हाताने काढले. आता दाराला कुलूप घातलंय, झाडूसुद्धा आत जाऊ दिलेला नाही.

भंगारवाल्याचा ट्रक सोमवारी येतो. तू रविवारी सकाळीच ये. आंघोळ आता फक्त मी करीन.

काकू बोलायला लागली. पहिलीच विचारणा, दहा वर्षं एवढ्यात झाली का?

भिंत मोकळी ठेव, मनात अढी ठेवू नकोस.

तुझा नाना

ता. क. लोटनला बोल लावू नकोस. तेलावर रंग धरत नाही.