साडीखालचा कागद

शनिवार, संध्याकाळ

अरुण, माझा धाकटा भाऊ, आज साडी घेऊन आला. जांभळी, मला आवडते तशीच. घडी उचलली तर खाली हक्कसोडपत्र, माझं नाव टाइप करून तयार.

"ताई, नुसती सही हाय. समद्याच बहिनी देतात," म्हणाला. वर चहा मागितला.

आणि मी तो केलाही. त्याचाच जास्त राग येतोय.

किनाऱ्यावरची मासळी सुकवायची जागा मला द्यायची, असं बाबा सगळ्यांसमोर म्हणायचे. तिथे वीस वर्षं उन्हात बोंबील मी टांगले, अरुणने नाही. किती वेळा सांगितलं, बाबा, मृत्युपत्र करून ठेवा. त्यांचं एकच, "आपल्याच मानसांत कागद कशाला?" आता कळलं ना कशाला? त्यांचं वर्षश्राद्धही झालं नाही आणि आपल्याच माणसांतला पहिला कागद घरात आला, तोही साडीखालून.

सही केली नाही. साडी ठेवून घेतली. माहेरची साडी परत करत नाहीत, एवढं अरुणला बरोबर ठाऊक होतं.

सोमवारी हीच जांभळी साडी नेसून श्रीवर्धनला वकिलाकडे जाणार. आधी माझा हिस्सा. मग माझं मृत्युपत्र. तेही अजून केलेलं नाही, मग मी बाबांना कुठल्या तोंडाने बोलतेय? उद्या माझ्या मुलाने त्याच्या बहिणीला साडी आणली तर खुशाल आणू दे. तिला ती घडी न चाचपता नेसता आली पाहिजे.